जुन्या ट्रकचा गिअर किती सहज पडायला हवा?

जुना ट्रक चालवायला घेतला की पहिली शंका गिअरबद्दल येते. दुसरा टाकताना करकरतो, पहिला उभ्या गाडीतही चटकन पडत नाही, तिसऱ्याकडे नेताना दांडा मध्येच अडतो. गिअरबॉक्स गेला की काय, अशी धास्ती वाटते. पुष्कळदा तो ठणठणीत असतो. याच्या उलटही घडतं. ‘जुनी गाडी आहे, अशीच चालणार’ म्हणून नीट न सुटणाऱ्या, म्हणजे दाबूनही इंजिनला गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं न करणाऱ्या क्लचकडे दुर्लक्ष केलं जातं आणि तो क्लच हळूहळू गिअरबॉक्सचे चांगले दाते खाऊन टाकतो.

नव्या कारसारखा लोण्यागत पडणारा गिअर इथे मागू नका. जुन्या ट्रकला मी वेगळी कसोटी लावतो: ऑइल गरम असताना, योग्य वेगाला, योग्य आरपीएमला तोच गिअर दर वेळी सारखाच पडतो का? आणि वेग जुळल्यावर तो बोटांच्या जोरावर आत जातो का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर दांड्याची चाल लांब असो, जड असो, मध्ये क्षणभर थांबावं लागो, गिअरबॉक्स चांगला आहे. एकदा सहज पडतो, एकदा करकरतो, एकदा जातच नाही, अशी लहर दिसली की शोध सुरू करायचा.

आधी तुमचा गिअरबॉक्स कोणता ते ठरवा

सिंक्रोमेश, म्हणजे गिअर पडण्याआधी फिरत्या भागांचा वेग आपोआप जुळवणारी रचना (थोडक्यात सिंक्रो), पहिल्यांदा 1928 मध्ये कॅडिलॅकच्या गाड्यांमध्ये आलं. ट्रकमध्ये ते फार सावकाश पोहोचलं, आणि पोहोचलं तेव्हाही सगळ्या गिअरना मिळालं नाही. त्यामुळे जुन्या ट्रकमध्ये ढोबळमानाने तीन प्रकार भेटतात.

पहिला प्रकार जुन्या पिकअप आणि मध्यम ट्रकमधला चार गिअरचा बॉक्स. यातला पहिला गिअर अतिशय खालचा, साधारण 6.5 गुणोत्तराचा (बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनचे साडेसहा फेरे) असतो आणि बहुतेक वेळा त्याला सिंक्रो नसतो. तो भरलेली गाडी चढावर हलवण्यासाठी आहे. रिकामी गाडी सपाटीवर दुसऱ्यानेच उचलायची असते. चालत्या गाडीत तो करकरला तर त्यात बिघाड काही नाही. दुसरा प्रकार पहिला आणि रिव्हर्स सोडून बाकी सगळ्यांना सिंक्रो असलेला. तिसरा अवजड ट्रकचा, मुख्य गिअरना सिंक्रो नसलेला बॉक्स, उदाहरणार्थ ईटन फुलरचे रोडरेंजर. तिथे वेग जुळवण्याचं सगळं काम चालकाचं.

गाडीचं मॅन्युअल मिळवा आणि कोणत्या गिअरला सिंक्रो आहे ते पाहून ठेवा. ज्या गिअरला सिंक्रो मुळातच नाही त्याच्या करकरीवरून गिअरबॉक्स उघडणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया घालवणं.

चांगला गिअर हाताला कसा लागतो

तिसऱ्यातून चौथ्यात जातानाची हालचाल सावकाश करून पाहा. क्लच दाबला, दांडा ओढला. तिसऱ्यातून बाहेर येताना एक हलका ‘टक’ जाणवतो. शिफ्ट रेलच्या (दांड्याने सरकणाऱ्या सळईच्या) खाचेतून स्प्रिंगने दाबलेली गोळी बाहेर पडली, तिचा तो धक्का. मग न्यूट्रलची मोकळी जागा. पुढे चौथ्याकडे नेताना अर्ध्या वाटेवर दांडा कशाला तरी टेकतो. तिथे सिंक्रोची पितळी रिंग गिअरच्या शंकूवर दाबली जाऊन दोघांचा वेग एक करत असते, आणि वेग एक होईपर्यंत ती स्लीव्हला (गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कड्याला) पुढे जाऊ देत नाही. हा अडथळा हे तिचं काम आहे. हलका दाब तसाच ठेवला की अडथळा विरघळल्यासारखा होतो, दांडा आपणहून पुढे सरकतो आणि शेवटी पुन्हा एक ‘टक’. जुन्या ट्रकमध्ये या सगळ्याला वर जाताना साधारण एक सेकंद लागला तर तक्रारीचं कारण नाही.

सिंक्रो झिजला की तो टेका नाहीसा होतो. दांडा न अडता पुढे जातो आणि थेट दात्यांवर आदळतो, करकर तिथे होते. दुसरा अनुभव असा: टेका असतो, पण दाब धरूनही तो सुटत नाही. हे मुख्यतः जाड किंवा थंड ऑइलने किंवा अर्धवट सुटणाऱ्या क्लचने होतं. या दोन अनुभवांतला फरक हाताला कळायला लागला की निम्मं निदान गाडी चालवतानाच होतं.

पायरी 1: इंजिन बंद ठेवून

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना ओट (अडवणारे ठोकळे) लावा, इंजिन बंद. क्लच दाबून एकेक गिअर टाकून पाहा. सगळे पडायला हवेत. एखादा अर्ध्यावर थांबला तर दाते दात्यांसमोर आले असतील. ओट काढून, हँडब्रेक सोडून गाडी बोटभर हलवा आणि परत प्रयत्न करा. तेवढ्याने पडला तर तो दोष धरू नका.

ही तपासणी साधी दिसते म्हणून बरेच जण सोडून देतात. पण तीच पुढचा रस्ता ठरवते. इंजिन बंद असतानाही दांडा जड, अडखळणारा असेल तर दोष दांड्यात, लिंकेजमध्ये, रेल किंवा फोर्कमध्ये (स्लीव्ह सरकवणाऱ्या चिमट्यात) शोधायचा. बंद असताना सगळं सुरळीत आणि इंजिन चालू केल्यावर त्रास, तर संशय आधी क्लचवर.

पायरी 2: क्लच खरंच सुटतो का

जुन्या ट्रकच्या गिअरच्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा दोषी निघतो तो क्लच. गिअरबॉक्सला उगाच बदनामी मिळते. म्हणून इथे वेळ द्या.

इंजिन आयडलवर, गाडी न्यूट्रलमध्ये, पाय ब्रेकवर तयार. क्लच तळापर्यंत दाबा, सावकाश दहा मोजा आणि मग रिव्हर्स टाका. रिव्हर्स मुद्दाम निवडायचा, कारण त्याला सहसा सिंक्रो नसतो आणि तो काहीच लपवत नाही. दहा मोजेपर्यंत इनपुट शाफ्ट (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये येणारा) थांबलेला असायला हवा, म्हणजे रिव्हर्स आवाज न करता पडतो. आता पाय न उचलता दांडा न्यूट्रलमध्ये आणा, काही सेकंद थांबा, पुन्हा रिव्हर्स टाका. या वेळी करकरला तर क्लच दाबलेला असूनही इंजिन शाफ्टला फिरवत आहे. क्लच नीट सुटत नाही.

कारणं शोधताना स्वस्त आणि सोप्यापासून सुरुवात करा. पेडलचा फ्री प्ले मोजा. केबल किंवा रॉडच्या क्लचला पेडलपाशी साधारण 20 ते 30 मिलिमीटर मोकळी चाल असते. नेमका आकडा मॅन्युअलचा घ्या. चाल त्याहून खूप जास्त असेल तर पेडल तळाला लागूनही प्लेट सुटत नाही. अजिबात नसेल तर प्लेट घसरते आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) सतत घासत राहतं. हायड्रॉलिक क्लच असेल तर पेडल दोन-तीनदा भराभर पंप करून गिअर टाका. पंप केल्यावर सहज पडला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर (पेडलकडच्या) नाहीतर स्लेव्ह (क्लचकडच्या) सिलेंडरचं सील गेलं आहे. कॅबच्या आत पेडलच्या मुळाशी आणि खाली स्लेव्हच्या रबरी टोपीत ओल दिसते का पाहा. पेडलच्या बिजागरीची झीज, वाकलेला क्लचचा फोर्क, तडा गेलेला ब्रॅकेट हेही तपासा. मधल्या प्रत्येक जोडातली थोडी थोडी ढिलाई मिळून प्लेटपाशी चाल कमी पडते.

हे सगळं ठीक असूनही शाफ्ट फिरत राहिला तर दोष आत आहे. प्लेट वाकलेली असेल, प्लेटची खाचेरी (मधल्या भोकातल्या खाचा) इनपुट शाफ्टवर गंजून सरकत नसेल, किंवा पायलट बेअरिंग (क्रँकशाफ्टच्या टोकाशी इनपुट शाफ्टला आधार देणारं) जाम झालं असेल. बरेच महिने उभ्या राहिलेल्या ट्रकमध्ये गंज हे कारण आधी तपासायचं. पायलट बेअरिंग जाम झालं की क्लच पूर्ण सुटला तरी क्रँकशाफ्ट त्याच्यामार्फत इनपुट शाफ्ट फिरवत राहतो. असा ट्रक दोनदोन क्लच प्लेट बदलूनही सुधारत नाही, कारण बेअरिंगकडे कुणी पाहिलेलंच नसतं. गिअरबॉक्स खाली उतरला की ते बेअरिंग बदलूनच टाका.

पायरी 3: रस्त्यावर, थंड आणि गरम

एक कागद घ्या. प्रत्येक गिअरसाठी चार नोंदी: थंड असताना वर जाताना, थंड असताना खाली येताना, आणि गरम झाल्यावर त्याच दोन. इंजिनच्या काट्यावर विसंबू नका. पाणी गरम झालं तरी गिअरबॉक्स बराच वेळ थंड असतो. वीसेक मिनिटं गाडी चालल्यावरच ‘गरम’ची नोंद घ्या.

सकाळी पहिले काही किलोमीटर दुसरा जड पडतो आणि नंतर सुधारतो, तर जाड ऑइल शाफ्टला धरून ठेवतंय, एवढंच. थंडीत हे होणारच. तेवढा वेळ सावकाश गिअर बदला. याउलट थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर करकर वाढली, तर मला जास्त काळजी वाटते. पातळ झालेल्या ऑइलमध्ये शाफ्ट मोकळा फिरतो आणि झिजलेली सिंक्रो रिंग किंवा अर्धवट सुटणारा क्लच उघडा पडतो.

सगळेच गिअर करकरतात तर क्लच किंवा ऑइल. एकच करकरतो तर त्या गिअरचा सिंक्रो. सहसा पहिला बळी दुसरा गिअर असतो, कारण त्यात खाली येताना वेगाचा फरक मोठा असतो आणि घाईही तिथेच होते.

पायरी 4: डबल क्लच मारून पाहा

ही पद्धत चालवण्यासाठी तर आहेच, पण निदानासाठीही तिच्याइतकं चांगलं साधन नाही.

वर जाताना: ॲक्सिलरेटर सोडा, क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा. इंजिनचा वेग खाली येऊ द्या. पुन्हा क्लच दाबा, वरचा गिअर टाका, क्लच सोडा.

खाली येताना: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा. आता न्यूट्रलमध्येच ॲक्सिलरेटरला ठोसा देऊन आरपीएम वाढवा. लगेच क्लच दाबा, खालचा गिअर टाका, क्लच सोडा.

मधे क्लच सोडायचा कशासाठी? न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की इंजिन इनपुट शाफ्ट आणि काउंटरशाफ्ट (त्याच्याशी जोडलेला समांतर शाफ्ट) दोन्हींना आपल्या वेगावर आणतं. क्लच दाबून ठेवूनच रेस दिली तर इंजिन एकटंच ओरडतं, आतले गिअर होते तिथेच राहतात.

आरपीएम किती बदलायचे हे गुणोत्तरावरून काढता येतं. समजा गिअर 6.5, 3.5, 1.7 आणि 1 असे आहेत. तिसऱ्यात 2000 आरपीएम असताना चौथा टाकायचा, तर 2000 भागिले 1.7, म्हणजे सुमारे 1200 ला तो आपणहून आत जाईल. चौथ्यात 1200 असताना तिसऱ्यात यायचं तर आरपीएम 2000 च्या जरा वर न्यायचे. तिसऱ्यात 1000 असताना दुसऱ्यात यायचं तर 3.5 भागिले 1.7, म्हणजे दुपटीहून थोडं जास्त, साधारण 2100. स्वतःच्या गाडीचे आकडे मॅन्युअलमधून घेऊन असाच छोटा तक्ता बनवा. टॅकोमीटर नसेल तर कान तयार होतो; शांत रस्त्यावर थोडा सराव केला की इंजिनचा सूर ओळखीचा होतो. जड फ्लायव्हीलच्या डिझेलमध्ये आरपीएम सावकाश उतरतात, तिथे न्यूट्रलमध्ये जास्त थांबावं लागतं. हलकं पेट्रोल इंजिन पटकन उतरतं. घाईने केलेली वरची शिफ्ट जेवढी करकरते तेवढीच उशिरा केलेलीही करकरते.

आता निदान. साध्या पद्धतीने करकरणारा गिअर डबल क्लचने गुपचूप पडला, तर दाते शाबूत आहेत आणि सिंक्रो रिंग झिजली आहे. अशी गाडी डबल क्लचवर वर्षानुवर्षं चालवता येते. घाईने गिअरबॉक्स उघडण्याची गरज नाही. वेग नीट जुळवूनही तोच गिअर कुरकुरला किंवा अडला, तर स्लीव्हचे किंवा गिअरच्या कडेचे छोटे दाते खाल्ले गेलेत.

उभ्या गाडीत सिंक्रो नसलेला पहिला किंवा रिव्हर्स टाकायचा असेल तेव्हा क्लच दाबून आधी दांडा तिसऱ्यासारख्या सिंक्रो असलेल्या गिअरकडे टेकवा आणि मग हवा तो टाका. फिरता शाफ्ट थांबतो आणि गिअर बिनबोभाट पडतो. अवजड ट्रकला यासाठी क्लच ब्रेक असतो. पेडलच्या अगदी शेवटच्या टप्प्यात तो लागतो. तो फक्त उभ्या गाडीत वापरायचा. चालत्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबलं की तो ब्रेक खराब होतो आणि गिअरही करकरतो.

पायरी 5: ऑइल

गाडी थोडी चालवून ऑइल कोमट करा, सपाट जागी उभी करा. जॅकवर उचलावी लागली तर खाली स्टँड लावल्याशिवाय आत शिरू नका. आणि एक नियम पाळा: आधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा, मगच खालचा ड्रेन बोल्ट उघडा. ऑइल काढून टाकलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला तर गाडी जागेवरून हलणार नाही.

बहुतेक बॉक्समध्ये भरायच्या भोकाच्या खालच्या कडेला ऑइल टेकलं की पातळी बरोबर. बोट आत घालून पाहा. कमी असेल तर वरच्या बाजूची बेअरिंग आणि बुश कोरडे पडतात. जास्त भरलं तर फेस होतो आणि पुढच्या सीलमधून ऑइल क्लच प्लेटवर जाऊ शकतं.

निघालेल्या ऑइलचे दोन थेंब दोन बोटांमध्ये चोळून उजेडात धरा. बारीक सोनेरी चकाकी सिंक्रो रिंगच्या पितळेची असते. जुन्या ऑइलमध्ये ती थोडी दिसणारच, पण रंगासारखी दाट असेल तर रिंगा वेगाने झिजत आहेत. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचा काळा मऊ लेप स्वाभाविक आहे. टोकदार तुकडे, दात्याचा कोपरा किंवा बारीक सुईसारखी सळई मिळाली तर गाडी चालवणं थांबवा. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलं आहे. श्वास घेण्याची नळी आणि वरचं झाकण तपासा.

नवीन ऑइल निवडताना सगळ्यात जास्त चूक जीएल-4 आणि जीएल-5 या गिअर ऑइलच्या दोन दर्जांमध्ये होते. जीएल-5 मोठा आकडा म्हणून अधिक चांगलं, असं समजून लोक तेच भरतात. ते मुख्यतः मागच्या डिफरन्शियलसाठी असतं. त्यात जास्त दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-4 च्या जवळजवळ दुप्पट असतात. अशी काही ऑइलं उष्णतेत पितळ आणि काशावर परिणाम करतात, शिवाय निसरडेपणामुळे सिंक्रो रिंगला शंकूवर पकड मिळत नाही. सिंक्रो असलेल्या जुन्या बॉक्सला मॅन्युअल जे सांगतं तेच भरा. बऱ्याचदा ते जीएल-4 असतं, काहींना तर इंजिन ऑइल सांगितलेलं असतं. सिंक्रो नसलेल्या अवजड बॉक्ससाठी एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा एमटी-1 हा वेगळा दर्जा आहे.

गिअर ऑइलचा 90 हा आकडा इंजिन ऑइलच्या मोजपट्टीवरचा नाही. 75डब्ल्यू-90 चा जाडपणा गरम असताना साधारण 40 किंवा 50 नंबरच्या इंजिन ऑइलएवढाच असतो. जुन्या बॉक्सचा आवाज दाबायला 140 नंबरचं जाड ऑइल भरतात, तेव्हा आवाज कमी होतो खरा, पण थंडीत सिंक्रो काम करेनासा होतो. मी तो उपाय करणार नाही.

पायरी 6: दांडा आणि लिंकेज

दांड्याच्या मुठीपाशी काही सेंटिमीटर ढिलाई जुन्या ट्रकमध्ये सर्रास असते. फक्त त्यामुळे गिअर शोधावा लागत असेल, तर दांड्याच्या बुडाचं बुश, पिन आणि स्प्रिंग बदलून पाहा. काम वरूनच होतं आणि फरक भरपूर पडतो. स्टिअरिंग कॉलमवरचा गिअर असेल तर दोन्ही रॉडची लांबी न्यूट्रलमध्ये मॅन्युअलप्रमाणे जुळवा, सांध्यांना ग्रीस द्या.

गिअर उडतो किंवा आवाज येतो तेव्हा

टाकलेला गिअर आपोआप न्यूट्रलमध्ये येत असेल तर त्यावर दांडा हाताने धरून ठेवणं हा उपाय नाही. सततच्या दाबाने फोर्क स्लीव्हवर घासून झिजतो. चांगल्या बॉक्समध्येही म्हणूनच गिअर टाकला की हात काढून घ्यायचा.

मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबा आणि सोडा, दांड्याकडे पाहा. दांडा ठळकपणे पुढेमागे सरकला तर आधी इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग रबरं तपासा. तुटलेल्या रबरावर अख्खा बॉक्स हलत असतो. रबरं ठीक असतील आणि पाय काढताच गिअर उडत असेल, तर दात्यांची कड गोल झाली आहे, शाफ्टला मागेपुढे चाल आली आहे किंवा रेलच्या गोळीची स्प्रिंग मेली आहे. स्प्रिंग बहुतेक वेळा वरचं झाकण काढून बदलता येते, म्हणून तिच्यापासून सुरुवात.

आवाजाचं पृथक्करण असं करा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबला की जाते: इनपुट शाफ्ट किंवा काउंटरशाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो: रिलीज बेअरिंग, कधी पायलट. सरळ जोडणीच्या, म्हणजे 1 गुणोत्तराच्या गिअरमध्ये शांत आणि बाकी सगळ्यांत घरघर: काउंटरशाफ्टकडे पाहा, कारण सरळ गिअरमध्ये ताकद त्याच्यामार्फत जात नाही. एकाच गिअरमध्ये आवाज: त्या गिअरचे दाते. रिव्हर्सची आणि खालच्या पहिल्याची कुंईकुंई मात्र सोडून द्या. त्यांचे दाते बऱ्याचदा सरळ कापलेले असतात, ते गाणारच.

बॉक्स कधी उघडायचा

ऑइलमध्ये तुकडे सापडले, बेअरिंगची घरघर वाढत चालली, वेग जुळवूनही गिअर अडतो, किंवा स्प्रिंग आणि रबरं बदलूनही गिअर उडतो, यांपैकी एक जरी खरं असेल तर उघडा. उघडलाच तर फक्त सिंक्रो रिंगा बदलून बंद करू नका. रिंग जिथे घासते तो शंकू, स्लीव्हचे दाते, फोर्कची जाडी आणि प्रत्येक बेअरिंग पाहून घ्या. नवी रिंग घासून गुळगुळीत झालेल्या किंवा ओरखडे पडलेल्या शंकूवर बसवली तर पुन्हा करकर सुरू होते. बॉक्स खाली असताना क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि पुढचं सील यांचं कामही त्याच फेरीत उरका.

जोडल्यावर पहिले काहीशे किलोमीटर गिअर सावकाश टाका. नव्या रिंगा शंकूवर बसायला तेवढा वेळ घेतात आणि या काळात दांडा थोडा जड लागतो. मग ते पहिलं ऑइल काढा, बोटांमध्ये चोळून पाहा आणि नवीन भरून जुन्या कागदाशेजारी नव्या नोंदी लिहा.